कात्रणांचा कप्पा

लायब्ररी, तळघरातली मशीनची खोली
४ फेब्रुवारी

मामा,

आधी तुला नमस्कार, मग मामीला, मग तुमच्या खिडकीसमोरच्या तळ्याला. तळं मी अजून पाहिलेलं नाही, पण तुझ्या मागच्या पत्रात मामीपेक्षा त्याच्याबद्दलच जास्त मजकूर होता, तेव्हा त्याचाही मान ठेवलेला बरा.

फोन तू उचलत नाहीस. पत्रात माणूस नीट बोलतो हे तुझं म्हणणं मान्य, पण कधी कधी नीट बोलायचं नसतं, घाईने बोलायचं असतं. तर घाईने सांगते. सर्व्हरमधली एक डिस्क नाहीशी झाली आहे.

मंगळवारी दुपारी रस्ता खोदताना कुणीतरी वायर तोडली आणि अख्ख्या इमारतीची वीज गेली. तासाभराने आली, मी मशीन चालू केलं, तर ते नेहमीसारखं उठेना. पडद्यावर ओळ आली की गटातली दुसरी डिस्क सापडत नाही. मग तिचा तो लांबलचक ओळख क्रमांक, आणि पुढे 'मिसिंग'. मला वाटलं बिघडली असेल. खण ओढून पाहिला, तर आत डिस्कच नाही. मूठ आहे, पुढची जाळी आहे, आत नुसती चौकट. बाहेरून बघणाऱ्याला दोन्ही खण भरलेलेच दिसतात.

घाबरल्यावर तू शिकवलेलं मोठ्याने म्हणायची मला सवय आहे. दोन डिस्क, त्यांचा एक गट. प्रत्येक पुस्तक दोन्हींवर लिहिलं जातं, म्हणून त्याला मिरर म्हणायचं. एक गेली तर दुसरी सांभाळते. म्हणजे डोळ्यांनी वाचता न येणाऱ्यांसाठी आपण जी सहा हजार पुस्तकं वाचून रेकॉर्ड करून ठेवली, त्यांचा भार आता एका म्हाताऱ्या डिस्कवर आहे. किती दिवसांपासून, ते माहीत नाही. मशीन अशा वेळी रोज सकाळी तक्रार पाठवतं म्हणे. ती कुणाकडे जाते कोण जाणे, माझ्याकडे एकही आलेली नाही.

नव्या दोन डिस्क कपाटात तयार आहेत, पण मशीन त्यांना गटात घेत नाही. आधी हरवलेलीचा काय तो निकाल लावा, असं त्याचं म्हणणं. ते कसं करायचं ते सांग.

माझा संशय दुरुस्तीवाल्यावर आहे. जूनमध्ये पंखा बदलायला आला होता, तासभर खोलीत एकटाच होता. संचालकबाई म्हणतात, महिनाअखेर लेखी निवेदन दे, त्याच्या कंपनीला कळवू.

मामीला फोनवर दे ना कधीतरी. तिच्या आजारपणात तुम्ही कुणाला येऊ दिलं नाहीत, आणि नंतर तळ्याकाठी निघून गेलात. इथे तिने वाचलेली पुस्तकं रोज कानावर पडतात, पण त्यात ती माझ्याशी बोलत नाही.

तुझी भाची,
आणि सध्या तुझ्याच खुर्चीची मालकीण


तळ्याकाठ
१० फेब्रुवारी

बारके,

तुझं पत्र काल मिळालं. इथे धुकं इतकं असतं की पोस्टमनची घंटी आधी येते आणि पोस्टमन मागून. सकाळी दहापर्यंत तळं नसतंच. खिडकीबाहेर नुसतं पांढरं. मग एक खांब उगवतो, मग खांबावरचा पक्षी, आणि सगळ्यात शेवटी पाणी. आम्ही दोघं ते बघत बसतो. कधी कधी पाणी दिसायला लागलं की मला उगाच वाईट वाटतं, कारण त्यानंतर दिवस सुरू होतो आणि काहीतरी करावं लागतं.

मामी बरी आहे. जेवते, फिरते, माझ्या आधी उठते. वाचणं मात्र सोडलं आहे.

आता डिस्कचं. मशीनला ती गेली हे कळलेलं नाही. त्याच्या लेखी ती अजून गटातलीच आहे, फक्त दिसत नाही. म्हणून ते वाट बघत राहतं आणि नव्या कुणाला घरात घेत नाही. आधी मिरर सोडव, म्हणजे पुस्तकांच्या कप्प्याला सांग की आता तुझी एकच प्रत. नोंदींच्या कप्प्यालाही तेच सांग. मग गटाला सांग की हरवलेलीला वगळ. मग नवीन घाल आणि पुन्हा मिरर बांध. कुठे अडलंच, तर हुकमाच्या पुढे 'जबरदस्ती' जोड. त्यात घाबरण्यासारखं काही नाही.

दुरुस्तीवाल्याच्या मागे लागू नकोस. बिचारा पंखा बदलायला आला आणि पंखा बदलून गेला.

तुझा मामा


लायब्ररी
१७ फेब्रुवारी

मामा,

सांगितलंस ते शब्दशः केलं, शेवटची पायरी सोडून.

मिरर सोडवला. पुस्तकांच्या कप्प्याने कटकट केली नाही, नोंदींचा कप्पाही मुकाट एकटा राहायला तयार झाला. मग हरवलेली डिस्क वगळ म्हटलं, तर मशीन अडून बसलं. म्हणे, एक कप्पा असा आहे ज्याची दुसरीकडे प्रतच नाही, तो सगळाच्या सगळा हरवलेल्या डिस्कवर आहे, तिला वगळलं तर तोही गेला म्हणून समजा. तरी वगळायचं तर जबरदस्ती म्हणा. मी म्हटलं. मशीनने विचारलं, नक्की?

आता इथे तुझाच नियम आडवा आला. यंत्राने 'नक्की?' विचारलं की उठायचं, एक चहा पिऊन यायचं, आणि मग उत्तर द्यायचं. पहिल्या वर्षी मला हा तुझा कामचुकारपणा वाटायचा. तरी मी वर गेले, कप भरला आणि जिन्याच्या पायरीवर बसले. दुपारची वेळ होती. रेकॉर्डिंगच्या काचेच्या खोलीत कुणीतरी वाचत होतं, दार बंद, नुसते ओठ हलताना दिसत होते. ते बघता बघता माझी तंद्री लागली, चहा गार झाला, आणि मग लक्षात आलं की मी त्या कप्प्याचं नावच वाचलेलं नाही.

खाली येऊन वाचलं. 'कात्रणं.'

आपल्या यादीत असा कप्पा नाही. आकाराने बारीक आहे, अकरा वर्षांपूर्वीचा, आणि करणाऱ्याच्या जागी तुझं नाव आहे. मी 'नाही' असं उत्तर दिलं आणि सगळं आहे तिथे थांबवलं. मामा, कात्रणं म्हणजे काय?

आणखी एक. पियानो जुळवणारे काका बुधवारी नेहमीप्रमाणे मामीचं पुस्तक न्यायला आले. त्यांना दिसत नाही, पण ऐकू मात्र वाजवीपेक्षा जास्त येतं. खिडकीशी उभं राहून मला म्हणाले, खालच्या खोलीतून पूर्वी दोन सूर यायचे, आता एकच येतो, तुम्ही मुद्दाम केलंत का? मी विचारलं, कधीपासून? तर म्हणाले, मागच्या एप्रिलपासून. दुरुस्तीवाला जूनमध्ये आला. एप्रिलमध्ये खोलीची किल्ली तुझ्याकडे होती. तेव्हा तुझ्या नजरेतून काही सुटलं असेल तर आठवून बघ. बाईंना हे सांगितलं, पण कानाची साक्ष कागदावर चालत नाही म्हणतात. त्या दुरुस्तीवाल्यावरच अडून आहेत. आणि तो नुसता पंखाच बदलून गेला हे तुला तळ्याकाठी बसून कसं कळलं, तेही सांग.

मनातलं एक विचारून टाकते. मी तुझ्या जागेवर आले म्हणून मामी माझ्यावर रुसली आहे का? तसं असेल तर ती बोलली तरी चालेल. ती गप्प आहे याचं मला फार वाईट वाटतं.

तुझी बारकी


लायब्ररी
२५ फेब्रुवारी

मामा,

तुझं उत्तर नाही, म्हणून हे चार ओळींचं.

उरलेली डिस्क आवाज करायला लागली आहे. आधी काकांना ऐकू आला, दोन दिवसांनी मला. नख घासल्यासारखा बारीक येतो, थांबतो, परत येतो. ती गेली तर सहा हजार पुस्तकं गेली. मी आठवडाभर थांबू शकते, त्याच्या पुढे नाही. पाच मार्चला सकाळी मी त्या 'नक्की?'ला 'हो' म्हणणार आहे आणि कात्रणं जातील. बाईंनी निवेदनाला तेवढीच मुदत वाढवून दिली आहे, म्हणजे त्याच दिवशी दुरुस्तीवाल्याचं नावही जाईल.

तुला काही सांगायचं असेल तर त्याआधी सांग.

बारकी


तळ्याकाठ
२८ फेब्रुवारी

बारके,

या पत्राबरोबरच्या खोक्यात ती डिस्क आहे. मामीच्या लोकरी स्कार्फात गुंडाळली आहे. स्कार्फ परत पाठव, इथे गारठा आहे आणि तिला तो लागतो.

दुरुस्तीवाल्याने नेली नाही. मी नेली. निवेदनात माझं नाव लिही आणि आडवळणाने लिहू नकोस.

मी रिटायर व्हायच्या तीन आठवडे आधी तिच्या मेंदूत गुठळी झाली, एवढं तुम्हाला माहीत आहे. चालणं परत आलं, उजवा हात परत आला, बोलणं आलं नाही. तिला सगळं समजतं. शब्द डोक्यात तयार असतो, तोंडापर्यंत पोचत नाही. जिने तीनशे पुस्तकं वाचली तिला पाणी मागता येत नाही. कुणाला सांगू नका, असं तिने मला खुणेने सांगितलं, आणि मी पाळलं. म्हणून फोन नाही. फोनवर तू पहिलं काय म्हणणार? मामीला दे. रुसलीबिसली काही नाही ग. तुझी पत्रं ती स्वतः फोडते आणि माझ्या हातात देते, वाचा म्हणून.

आता कात्रणं. ती काचेच्या आत वाचायची, मी बाहेर बसायचो. ती चुकली की मी बटण दाबून म्हणायचो, थांब, परत वाच. मग तो चुकलेला तुकडा कापायचा आणि नियमाप्रमाणे टाकून द्यायचा. अकरा वर्षांपूर्वी एक तुकडा टाकवेना. त्यात ती शिंकली होती आणि शिंकेनंतर कादंबरीतल्या दिवाणसाहेबांची माफी मागितली होती. तो ठेवला. मग ठेवतच गेलो. लायब्ररीची जागा दुप्पट अडवायला नको, म्हणून त्या कप्प्याला मिरर केला नाही. एवढा सचोटीचा माणूस, आणि शेवटी अख्खी डिस्क उचलून आणली.

आजारानंतर तिला तिचीच पुस्तकं लावून दिली होती. एका पानानंतर उठून जायची, दार लावून घ्यायची. मला उशिरा समजलं. पुस्तकातली ती बाई कधीच चुकत नाही, आणि हिला तर एक शब्द नीट येत नाही. वाटलं, चुकलेली लावून बघू. पण प्रत काढायला अर्ज लागतो, अर्जात कारण लागतं, आणि कारण लिहिलं की सगळ्यांना कळणार. शेवटच्या दिवशी धूळ काढायला मशीन बंद केलं होतं. खण ओढला. मनात म्हटलं, मिररच आहे, दोन्हीकडे सारखंच, एक नेली तर कुणाचं काय कमी होतं? रिकामी चौकट परत आत सरकवली आणि मशीन हाताने, एकाच डिस्कवर चालू करून दिलं. तेव्हा मला ते अगदी बरोबर वाटलं होतं.

घरी आल्यावर कळलं की या डिस्कचं तोंड वेगळं असतं, घरच्या कॉम्प्युटरला ती बसत नाही. तीस वर्षं हाताळलेली वस्तू, आणि घाबरलेल्या डोक्याला एवढं आठवू नये. परत आणून द्यायची लाज वाटली. वर्षभर बिस्किटांच्या डब्यात पडून होती. मशीनच्या तक्रारी अजून माझ्याच फोनवर येतात. रोज सकाळी सातला ते विचारतं, दुसरी कुठे आहे? मी वाचतो, फोन पालथा घालतो आणि धुक्याकडे बघतो.

जबरदस्ती कर म्हणून लिहिलं, कारण पुस्तकं जास्त मोलाची आहेत. ते अजूनही खरं आहे. पण तू चहा प्यायला उठलीस हे वाचलं आणि मला रडू आलं.

डिस्क खणात घाल. वर्षभर जुनी आहे, पुस्तकांबद्दल ती काय सांगते ते ऐकू नकोस. फक्त कात्रणं काढून घे, जमलं तर. मग तिला वगळ.

मामा


लायब्ररी
१४ मार्च

मामा, मामी,

या पत्रावर दोघांचं नाव आहे, तेव्हा मामा, मोठ्याने वाच.

खोकं चार तारखेला आलं. सकाळी अकराला डिस्क खणात घातली. मला वाटलं मशीन काहीतरी आरडाओरडा करेल. काही नाही. 'मिसिंग' हा शब्द गेला आणि त्या जागी तोच लांबलचक क्रमांक आला. वर्षभर कुठे होतीस, असंही विचारलं नाही.

कात्रणं काढली, दोनदा तपासली. मग, चुकलं असेल तर माफ करा, काचेच्या खोलीत बसून ऐकली. दार लावलं की त्या खोलीत बाहेरचं काहीच राहत नाही, भिंतींना सगळीकडे गालिचा आहे. एक तास चाळीस मिनिटं. मामी, तू 'निर्विकारपणे' हा शब्द सहा वेळा चुकलीस आणि सातव्यांदा त्याला एक शिवी दिलीस, ती मी इथे लिहीत नाही. तू पाणी मागतेस, खोकतेस, पान उलटं धरलं म्हणून हसतेस. आणि मध्ये मध्ये मामाचा आवाज, थांब, परत वाच. थांब, परत वाच. एकदा तू म्हणालीस, 'बाहेर बसून बटण दाबायला काय जातंय तुमचं? आत या आणि एक पान वाचून दाखवा.' आईने ओरडावं आणि आपल्याला मात्र हसू यावं, तसं काहीसं वाटत होतं. बाहेर आले तेव्हा ऊन जिन्यापर्यंत आलं होतं आणि मला क्षणभर कळेना की मी कितव्या वर्षात आहे.

मग राहिलेलं काम केलं. परत आलेल्या डिस्कवर आता गटाचं काहीच उरलं नव्हतं. वगळ म्हटलं. या वेळी मशीनने 'नक्की?' विचारलंच नाही, लगेच वगळलं. तरी मी आधी चहा पिऊन आले होते. तिच्या खणात एक नवी गेली, मिरर पुन्हा बांधला, सगळी पुस्तकं उतरायला दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत वेळ लागला. मी टक्के मोजत बसले. मग कुरकुरणाऱ्या म्हातारीलाही रजा दिली आणि तिच्या जागी दुसरी नवी बसवली. काका बुधवारी येऊन कान देऊन उभे राहिले आणि म्हणाले, दोन सूर आले, पूर्वीपेक्षा जरा चढे आहेत, पण जुळलेले आहेत.

निवेदन तुझ्या नावाने लिहिलं, मामा. बाईंनी दोनदा वाचलं. तुला समितीला माफीचं पत्र लिहावं लागेल आणि मशीनच्या खोलीत तुला यापुढे प्रवेश नाही. दुरुस्तीवाल्याच्या कंपनीला काही गेलं नाही. मग बाईंनी स्वतः अर्जाचा कागद काढला, कात्रणांच्या प्रतीचा. कारणाच्या रकान्यात लिहिलं, 'वाचणारीच्या स्वतःच्या उपयोगासाठी', आणि सही केली.

खोक्यात लहान प्लेअर आहे, एकच बटण आहे त्याला, आणि स्कार्फ आहे. तक्रारींचा नंबर बदलून माझा घातला. उद्यापासून सकाळी सातला तुझा फोन वाजणार नाही.

तुमची बारकी


तळ्याकाठ
२ एप्रिल

बारके,

माफीचं पत्र समितीला पाठवलं. लिहिताना हलकं वाटलं.

पहिल्या दिवशी प्लेअर लावला तेव्हा ती उठून जाईल म्हणून मी दाराशीच बसलो. ती गेली नाही. स्कार्फ गुंडाळून खिडकीत बसली आणि धुक्याकडे बघत सगळं ऐकलं, जणू ते पाण्यावरून येत होतं. शिंक आली तेव्हा हसली. आवाज निघाला हसण्याचा. वर्षभरात पहिल्यांदा.

मग रोज. धुकं असेपर्यंत कात्रणं, तळं दिसलं की बंद, असं तिनेच ठरवलं. चौथ्या-पाचव्या दिवसापासून ओठ हलायला लागले. बरोबर आलेल्या शब्दांपाशी नाही, चुकलेल्यांपाशी. आत ती अडखळली की ही इथे अडखळते, ती परत सुरू करते की ही परत सुरू करते. मी पलीकडे बसतो आणि बोलत नाही. मला भीती वाटते की मी हललो तर ते थांबेल.

काल सकाळी तिने तुझं पत्र माझ्या हातात दिलं, तिसऱ्यांदा. आधी दोनदा मी ते इमानेइतबारे वाचलं होतं. पण आपली फजिती माणसाने किती वेळा वाचायची? ती बटण दाबण्याची, आत येऊन पान वाचण्याची ओळ मी या खेपेला गाळली आणि सरळ पुढे गेलो.

तिने हात वर केला. तोंड उघडलं, मिटलं, परत उघडलं. बाहेर खांबसुद्धा दिसत नव्हता.

"थांब," ती म्हणाली. "परत वाच."

चौतीस वर्षांत ती मला कधी एकेरी बोलली नव्हती. मी थांबलो. कागदावरची अक्षरं मला दिसत नव्हती, पण ती ओळ पाठ होती. परत वाचली.

तुझा मामा